दिघोरीच्या पांदणीसाठी चार चाकं

कोल्हापुरात आमचं टायरचं दुकान आहे. आधी वडील बसायचे, आता मी बसते. अलीकडे जीप उचलून घ्यायचं वेड फार वाढलंय. स्प्रिंगाखाली ठोकळे घालतात, गाडी चार-पाच इंच उंच करतात, आणि मग माझ्याकडे येऊन विचारतात, "ताई, मोठ्यात मोठं काय बसतं?" मी विचारते, "गाडी चालवणार कुठं?" बहुतेक उत्तर येतं, पन्हाळ्याला. पन्हाळ्यापर्यंत लोण्यासारखा डांबरी रस्ता आहे. तरी मी रुंद, दणदणीत टायर घालून देते. गिऱ्हाईक खूश होतं, गाडी ऐटबाज दिसते, आणि माझं कधी चुकलंय हे सांगायला कुणी परत येत नाही. वीस वर्षांत मला वाटायला लागलं होतं, की टायरमधलं आपल्याला कळतं.

जुलैच्या शेवटी वंदनाचा फोन आला. नागपूरच्या होस्टेलात आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहिलो होतो. ती भंडारा जिल्ह्यातली, ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरची, आणि दिलीही तशाच घरी, लाखांदूर तालुक्यात दिघोरीजवळच्या एका खेड्यात. यंदा ती गावच्या मासेमारी सोसायटीची सेक्रेटरी झाली आहे.

"शुभा, आमी जीप घेतली. सरकारी लिलावातली. नागपुरात उचलून आनली. पन टायर टकले हायेत. मले टायर सांग."

मी फोनवरच सुरू झाले, तर तिनं मधेच तोडलं. "फोनवर कायले सांगतं? येऊन पाय ना."

मग तिनं काय ते सांगितलं. त्यांचा तलाव डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. पावसाळ्यात त्यात बोटुकल्या सोडतात, म्हणजे कतला, रोहूची बोटाएवढी पिल्लं. पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ती मत्स्यबीज केंद्रावरून येतात. मागच्या वर्षी पिकअप तलावाच्या वाटेवर, पांदणीत रुतली, अर्धा दिवस निघाली नाही, आणि पिशव्यांमधलं सगळं बीज मेलं. वर्षभर तलाव रिकामा. गावातली तीसेक घरं त्याच्यावर जगतात. त्यातली निम्मी माणसं कामाला बाहेर गेली.

"ट्रॅक्टरनं न्या की," मी म्हणाले.

"धानाच्या रोवणीत कोनाचा ट्रॅक्टर मोकळा राहते? सारे चिखलात हायेत." मग म्हणाली, "जीप घ्या म्हणून मीच मागं लागली होती. बुढे लोक नाई म्हणत होते. औंदा बीज मेलं ना, तर मले कोनी सेक्रेटरी म्हणनार नाई. अन मीबी सोताले म्हणनार नाई."

बीज शुक्रवारी सकाळी येणार होतं. फोन आला त्याच संध्याकाळी मी नागपूरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला रुंद टायर आणि ते ज्यांवर बसतात त्या रुंद लोखंडी डिस्क भंडाऱ्याला पाठवायला सांगितलं. गाडी न बघता, रस्ता न बघता. माझ्या धंद्यातल्या माणसानं करू नये अशी हीच एक गोष्ट आहे.

भंडारा

भंडाऱ्याचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे, हे मला उतरल्यावर कळलं. वंदना जीप घेऊन आली होती. केस थोडे पांढरे, बाकी तशीच, घाईघाईत हसणारी. जीप पाहून मात्र मला हसू आवरेना. अंग चांगलं उंच, आणि खाली झिजलेले इवलेसे टायर. ताडमाड माणसानं धाकट्या भावाच्या चपला घालाव्यात तशी ती उभी होती.

पितळी भांड्यांच्या दुकानांवरून आम्ही नरेशभाऊंच्या टायरच्या दुकानात गेलो. एका हंड्यावर माझं मन जडलं होतं, पण वंदनानं हात धरून पुढं ओढलं. नरेशभाऊ पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझे नागपूरहून आलेले टायर त्यांनी भिंतीला टेकवून ठेवले होते आणि त्यांच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसं पाहत होते.

"मॅडम, ह्या भागात धानाच्या गाडीले आमी साडेसात-सोळा टाकतो," ते म्हणाले.

हा टेंपोचा टायर. उंची माझ्या टायरइतकीच, पण रुंदी जेमतेम वीतभर. खाली मोठ्या मोठ्या खाचा. जुन्या सोळा इंची डिस्कवर तसाच बसतो. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. "चिखलात गाडी रुतते ती टायर अरुंद असतो म्हणून," मी त्यांना समजावलं. "रुंद टायर चिखलावर तरंगतो."

"तरंगते," नरेशभाऊ म्हणाले आणि पाना घेऊन कामाला लागले.

मोठी चाकं घालताना मी तीन गोष्टी नेहमी बघते. एक, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठं घासतो का. दुसरं, एक चाक दगडावर चढवून तेच पुन्हा बघायचं, कारण सपाट जमिनीवर न घासणारा टायर उंचसखल जागी हमखास घासतो. तिसरं, ब्रेक. चाक मोठं आणि जड झालं की गाडी थांबायला जास्त जागा घेते. आमचा टायर पुढच्या मडगार्डाला घासत होता. मी हातोडीनं पत्र्याची कड आत ठोकून घेतली. रुंद डिस्कमुळं चाकं दोन्हीकडून चांगली बाहेर आली होती आणि जीप भलतीच रुबाबदार दिसत होती. रस्त्यावरच्या दोघांनी तिच्यासोबत फोटो काढले. वंदना इतकी हरखली होती, की मलाही वाटलं, झालं काम.

पवनी

पवनीला जेवायला थांबलो. वाटेत वंदनाला नवी चाकं शिकवत आले होते. काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी त्याहून जोरात असते, कारण मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. ती म्हणाली, "म्हणजे आता काट्याचं आयकाचं नाई."

खानावळीतल्या बाईंनी चिन्नोरचा भात वाढला. ताट येण्याआधी त्याचा वास आला. सोबत नदीतल्या लहान माशांचा आंबटसर रस्सा आणि सात्या. ही पावसाळ्यात रानात उगवणारी अळंबी, मटणासारखी चवीला. आमच्याकडं भात शेवटी येतो, रश्श्याला टेकू म्हणून. इथं तोच घरधनी आणि बाकीचे सगळे त्याच्याकडं आलेले. मी भाकरी आहे का विचारलं तर बाई गोंधळल्या. "तब्येत बरी नाई का जी?" त्यांनी काळजीनं विचारलं.

पांदण

वंदनाच्या सासऱ्यांना घरात सगळे मामाजी म्हणतात, मीही म्हणू लागले. सत्तरीच्या पुढचे, बारीक, काळेभोर, पायात काही न घालणारे. बुधवारी सकाळी आम्ही पिशव्यांऐवजी पाण्याचे ड्रम भरून जीप तलावाकडे नेऊन बघायचं ठरवलं. मामाजींना गाडीत बसा म्हटलं तर ते नको म्हणाले आणि काठी घेऊन पुढं चालायला लागले.

पांदण म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. इथली शेतं वेगळीच. आमच्या उसासारखं सलग रान नाही. हातभर उंचीच्या बांधांनी आखलेले छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात पाणी, आणि त्यात नुकती रोवलेली धानाची हिरवी रोपं. त्या चौकोनाला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. बायका वाकून रोवणी करत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी पाठी सरळ केल्या आणि आमची गाडी त्यांच्या गप्पांत गेली.

पहिले दोनशे मीटर मी मोठ्या तोऱ्यात गाडी चालवली. मग पांदणीत चाकोऱ्या लागल्या. बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरांनी वर्षानुवर्षं पाडलेल्या दोन खोल चऱ्या. माझी चाकं त्यांत बसेनात. डावं चाक चाकोरीत उतरलं की उजवं कडेवर चढायचं. गाडी तिरकी. मी उजवं उतरवलं तर डावं वर. वर वंदना ड्रम धरून बसलेली, आणि खाली मऊ चिखल. माझे ते रुंद टायर खरोखर तरंगत होते. साबणावर पाय पडावा तशी जीप आडवी सरकली, एक धुरा फोडला आणि पुढचं चाक बांधीत जाऊन थांबलं.

वरच्या बांधीतलं पाणी फुटक्या जागेतून खालच्या बांधीत धो धो पडायला लागलं. रोपं आडवी झाली. मी खाली उतरले तर गुडघ्यापर्यंत गेले. बांधीचे मालक, देवाजी नावाचे गृहस्थ, हातात परह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी घेऊन आले. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"पयले धुरा बांधा," ते म्हणाले. "मंग बोलू."

इथली रीत अशी आहे. रोवणीच्या दिवसांत ज्याच्याकडून धुरा फुटेल त्यानं तो जागच्या जागी, आपल्या हातांनी बांधायचा. भांडण त्यानंतर. पाणी काही भांडण संपायची वाट बघत नाही. जीप ढकलून मागं घेतली, आणि मी, वंदना आणि मामाजी चिखलाचे गोळे उचलून लावत राहिलो. माझे गोळे ओघळून जात होते. रोवणाऱ्या बायकांतली एक आली, माझा हात धरून गोळा कसा थापायचा ते दाखवलं आणि परत रोवणीला लागली. तासाभरानं वरच्या आणि खालच्या, दोन्ही बांध्यांचे मालक त्या धुऱ्यावरून अनवाणी चालत गेले आणि परत आले. धुरा टिकला. मग देवाजी माझ्याशी बोलायला बसले, पण आता बोलायला काही राहिलंच नव्हतं. त्यांनी कुठून आलात विचारलं. आमच्या गावाकडं बांध फुटला तर आधी कोर्टात जातात, आणि बांध पुढची दोन वर्षं फुटकाच असतो.

मला मात्र आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शुक्रवार दोन दिवसांवर, आणि पांदणीचा अर्धाही भाग मी ओलांडला नव्हता.

मामाजी तेवढ्यात चाकोरीत उतरून काठी आडवी धरून मोजत होते. दोन चऱ्यांमधलं अंतर काठीवर नखानं खूण करून त्यांनी आणलं आणि जीपच्या चाकांना लावलं. माझी चाकं दोन्हीकडून चार-चार बोटं बाहेर होती. मग त्यांनी काठी बांधीत खुपसली. ती पोटरीएवढी सरसर आत गेली आणि ठक्कन थांबली.

"आयकलं का, बाई? खालतं तळ हाय. दर वर्षी चिखलनी करते, तर खालची माती दबून दबून पक्की झाली. पांदनीचंबी तसंच. पाय तितपर्यंत जाते अन उभा राह्यते. तुमचं चाक वरच्या वर लोंबते. त्याले खाली जाऊ द्या ना."

मी त्याच खड्ड्यात माझा पाय घातला. खरंच, पोटरीपर्यंत मऊ, आणि खाली फरशीसारखं टणक. मी इतकी वर्षं चिखल म्हणजे चिखल एवढंच धरून चालले होते. चिखल किती खोल आहे आणि त्याच्या खाली काय आहे, हे एकाही गिऱ्हाइकाला मी विचारलं नव्हतं.

अजून एक गोष्ट मनात होती. अरुंद टायरमध्ये हवा भरपूर ठेवावी लागते, धक्के जास्त बसतात. पिल्लांना ते सोसेल का? मामाजींना विचारलं तर ते प्रथमच हसले.

"मी कावडीनं बीज आनत होतो. दोन बाजूले दोन मडके. पाऊल चाललं का पानी हालते, बीज जगते. झाडाखाली बसलो का हात मडक्यात घालून पानी थोपटाचं. उभ्या पान्यात बीज गुदमरते. गाडी हालू द्या, बाई. किती हालाचं ते हालू द्या. थांबाले नाई पायजे."

वंदना माझ्याकडं बघत होती. मागच्या वर्षी रुतलेल्या पिकअपमधलं बीज कशानं मेलं, ते तिलाही बहुधा तेव्हाच नीट उमगलं. मी म्हणाले, "उद्या भंडारा."

पुन्हा भंडारा

नरेशभाऊंनी आम्हाला येताना पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत जुन्या चार डिस्क मागून घरंगळत आणल्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी चहा मागवला. साडेसात-सोळा बसला. अरुंद, उंच, जरा वेडाबागडा. मडगार्डाला कुठंच घासला नाही. चाकं आत आली. मी मामाजींच्या काठीवरची खूण लावून पाहिली, तंतोतंत.

हवेवरून मात्र आमची जुंपली. मी कमी म्हणत होते, म्हणजे टायर जरा पसरून पकडेल. नरेशभाऊ म्हणाले, ह्यात ट्यूब आहे, फार कमी केली तर टायर डिस्कवर फिरेल आणि ट्यूबचं हवा भरायचं नळकांडं तुटेल. तसं झालं असतं तर पांदणीत मधोमध पंक्चर. शेवटी ते म्हणाले त्याहून थोडी कमी आणि मी म्हणत होते त्याहून बरीच जास्त, असं ठरलं. ह्या खेपेला मी त्यांचं ऐकलं आणि काही समजावलं नाही. दुकानाबाहेर जीपचा फोटो कुणीच काढला नाही.

तलाव

शुक्रवारी नऊ वाजता बीज रस्त्यावर आलं. वीस पिशव्या. उन्हाकडं धरली की पिशवीत शेकडो इवल्या काळ्या रेघा थरथरताना दिसत. वंदनानं जीपचं स्टिअरिंग हातात घेतलं. मी चालवू का विचारलं होतं. "नाई," ती म्हणाली, "मेलं तर माझ्या हातून मरन." मी मागे पिशव्यांमध्ये बसले. मामाजी पुढं चालत होते, पण आता धावल्यासारखे.

चाकं चाकोरीत उतरली आणि तिथंच राहिली. गाडी डुलत होती, पिशव्या हिंदकळत होत्या, माझी हाडं मोकळी होत होती. देवाजींच्या धुऱ्याजवळ बायकांनी हात हलवले. तलावाच्या पाळीखाली, मातीच्या भरावापाशी मात्र चिखलाचा शेवटचा पट्टा होता, सगळ्यांत मऊ. तिथं गाडी मंदावली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, चिखलाचे फवारे उडाले, गाडी खाली बसायला लागली. माझ्या घशापर्यंत शब्द आला होता, थांब. चिखलात चाक फिरायला लागलं की रेसवरून पाय काढायचा, हेच मी सगळ्यांना शिकवते. मी दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरली.

वंदनानं पाय काढला नाही. गाडी आणखी खाली गेली, आणि मग खालून एक घट्ट हिसका बसला. चाकांना तळ लागला होता. जीप हळूहळू, अगदी चालत्या माणसाच्या गतीनं, पाळीवर चढली.

पिशव्या लगेच सोडायच्या नसतात. तशाच बंद, तलावाच्या पाण्यात तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. ती पंधरा-वीस मिनिटं फार लांब होती. गावातल्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या, प्रत्येकीच्या पुढ्यात पिशव्या. मग वंदनानं पहिली पिशवी सोडली. काळ्या रेघा बाहेर आल्या, क्षणभर घोटाळल्या आणि खोल पाण्यात नाहीशा झाल्या. दुसरी, तिसरी. सातव्या पिशवीत निम्मी पिल्लं पोट वर करून तरंगत होती. मामाजी पाण्यात शिरले, पिशवीत ओंजळ घालून पाणी थोपटत राहिले, कितीतरी वेळ. काही पिल्लं उलटली, हलली, गेली. काही नाही गेली.

बाकीच्या पिशव्या चांगल्या निघाल्या. पण तलाव नुसता गढूळ आणि शांत होता. सोडलेलं बीज जगलं की तळाशी जाऊन मेलं, हे त्याच्याकडं बघून कळत नाही. मेलेलं असलं तर उद्यापरवा वर येतं, असं एक बाई म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

शनिवार

मला दुपारी निघायचं होतं. सकाळी वंदना टोपलीत धानाचा कोंडा घेऊन दारात उभी होती. "चाल," एवढंच म्हणाली. आम्ही पायीच गेलो. वाटेभर ती पुढं, मी मागं. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर ऐकायचीही नव्हती.

पाळीच्या कडेला तिनं आधी पाण्यावर मेलेलं काही तरंगतंय का ते पाहिलं. चार-पाच पिल्लं होती, सातव्या पिशवीतली असावीत. तिनं ती उचलून बाजूला ठेवली. मग मूठभर कोंडा घेतला आणि पाण्यावर भुरभुरला. कोंडा पिवळ्या पापुद्र्यासारखा तरंगत राहिला. काही झालं नाही. तिनं दुसरी मूठ टाकली आणि उकिडवी बसली. मीही बसले. आम्ही दोघी पन्नाशीला टेकलेल्या बायका एका पापुद्र्याकडं बघत होतो.

पापुद्र्याला एका कडेनं बारीक भोक पडलं. मग शेजारी दुसरं. मग सगळा कोंडा खालून कुणी टोचावं तसा थरथरायला लागला, फाटत गेला, कमी होत गेला.

वंदनानं माझा दंड इतका जोरात धरला, की नखं रुतली.

"खाऊन राहिले, शुभा," ती म्हणाली. "पाय ना माय, खाऊन राहिले."